फाल्गुन ते वैशाख : नागपूर प्रांतांतील एका औताची शेती व तिचे कागद

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासाचीं साधनें आज अभ्यासकांस दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची बखर छापून झाली, कै. यादव माधव काळे यांनीं १९३४ सालीं ‘नागपूरकर भोसल्यांचा इतिहास’ सिद्ध केला; मेणवली दप्तरांतील नागपूरविषयक पत्रें कै. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनीं १९५४ व १९५९ सालीं दोन खंडांत संपादून दिलीं. या सर्वांतून स्वाऱ्या, तहनामे, वकिलांचीं बोलणीं व दरबारांतील रुसवेफुगवे यांचा तपशील भरपूर मिळतो. परंतु ज्या धान्यावर ती फौज जगली व ज्या वसुलावर तो खजिना भरला, तें धान्य फाल्गुनांत खळ्यावर कसें आलें, कोणी मळलें, कोणी मोजलें, आणि मोजून झाल्यावर पिकविणाराच्या घरांत किती राहिलें, हें विचारूं गेल्यास हीं साधनें बहुतेक मुकीं होतात.

प्रस्तुत लेख त्या मुकेपणाविषयीं आहे. आम्हीं येथें तीनच महिने घेतले आहेत, फाल्गुन, चैत्र व वैशाख. आणि घर घेतलें आहे तें एका औताचें, म्हणजे एक बैलजोडी, एक वखर, एक तिफण व घरचीं माणसें एवढ्या बळावर जेवढें वावर कसतां येईल तेवढ्याचें. तीन महिनेच कां, असें कोणी विचारील. तर वर्षाचा हिशेब याच महिन्यांत मिटतो म्हणून. रबीचें पीक घरांत येतें, सरकारचा हप्ता जातो, सावकाराचें व्याज जातें, बलुतेदारांचा वांटा जातो, गडी बदलतो आणि पुढील सालचें वावर ठरतें. कागदावर येण्याजोगे जितके म्हणून व्यवहार, तितके बहुतेक याच वेळीं होतात. तरी ज्या घरीं ते झाले त्या घरीं त्यांचा कागद क्वचितच सांपडतो. तो सांपडतो पाटलाच्या, पटवाऱ्याच्या किंवा सावकाराच्या घरीं. लहान शेतकऱ्याचा इतिहास दुसऱ्यांच्या दप्तरांत विखुरलेला आहे, ही गोष्ट संग्राहकांनीं प्रथमपासून ध्यानांत ठेवावी.

आरंभीं एका शब्दाविषयीं. वसंत हा शब्द नागपूरकडील शेतकऱ्याच्या नित्य बोलण्यांत येत नाहीं. त्याचे ऋतु तीन : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. होळी पेटली कीं उन्हाळा लागला. सहा ऋतूंची गणना पंचांगांत व काव्यांत राहिली. हा तीन ऋतूंचा हिशेब केवळ अडाणीपणाचा म्हणून कोणी सोडून देऊं नये, कारण याच विदर्भांतील राजलेखांत तो आहे. वाशीम येथें मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट ३७ व्या राज्यवर्षांतील हेमंताच्या पहिल्या पक्षाच्या चौथ्या दिवशींचा आहे. दुदिया येथील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट २३ व्या वर्षींच्या वर्षाऋतूच्या चौथ्या पक्षांतील दहाव्या दिवशींचा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं १९६३ सालीं वाकाटकांचे सर्व लेख एकत्र प्रसिद्ध केले, त्यांत हे दोन्ही पाहावयास मिळतात. सर्वच वाकाटक लेख असे नाहींत. चम्मकच्या ताम्रपटांत ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी स्पष्ट दिली आहे. तथापि चार महिन्यांचा एक ऋतु व आठ पक्षांचा हिशेब ही पद्धति रामटेकजवळील नंदिवर्धनाच्या राज्यकर्त्या घराण्यास व त्याच्या वत्सगुल्म शाखेस ठाऊक होती, आणि त्या पद्धतींत चैत्र हा ग्रीष्माचा पहिला महिना पडतो. आमच्या शेतकऱ्याचा उन्हाळाहि तेथूनच सुरू होतो. यावरून परंपरा अखंड चालत आली असें आम्ही म्हणत नाहीं. एवढेंच कीं, कागदांत ‘वसंत’ शोधूं जाणारास कांहीं मिळणार नाहीं; त्यानें ‘उन्हाळी’, ‘फाल्गुन अखेर’, ‘पाडवा’ व ‘आखाजी’ हे शब्द शोधावे.

आतां कालगणनेच्या एका अडचणीकडे वळूं. संग्राहकांच्या हातून सर्वांत अधिक चुका येथेंच होतात, आणि त्यांत आम्हीहि आलों.

शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस पालटतो. वसुलाचें साल मात्र मृगाबरोबर पालटतें, म्हणजे इंग्रजी जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत. अरबी ऊर्फ शुहूर सन व दक्षिणी फसली हे दोन्ही मृगसाल होत. शुहूर सनांत ५९९ मिळविले असतां, व दक्षिणी फसलींत ५९० मिळविले असतां, तें साल ज्या जूनांत लागलें त्याचा इसवी सन मिळतो. त्यामुळें चैत्र, वैशाख व बहुधा ज्येष्ठाचा कांहीं भाग असा दरवर्षीं एक पट्टा येतो, ज्यांत शक नवा असतो परंतु वसुलाचें साल जुनेंच चालू असतें. नेमक्या याच पट्ट्यांत रबीचा वसूल, बाकीच्या चिठ्या व खळ्यावरील मापें येतात. चैत्र शके १७४० चा कागद कार्तिक शके १७३९ च्या कागदाबरोबर एकाच सालांत, शुहूर १२१८ म्हणजेच फसली १२२७ मध्यें, बसतो. शक पाहून त्यास पुढील सालांत घातला कीं एका घराचें एक साल अर्धें दिसूं लागतें व पुढचें दीडपट. त्यांतून नर्मदेपलीकडून आलेले कागद असले तर आणखी घोटाळा, कारण उत्तरेकडील फसली आश्विनांत लागते व आंकड्यानें दक्षिणी फसलीहून दोन वर्षें मागें असते. आम्हीं एकदां एका पाटलाच्या घरची बाकीची चिठी अशीच पुढील सालांत घातली, आणि त्या गांवच्या एका कुळानें एक हप्ता बुडविला असा निष्कर्ष काढून स्वस्थ बसलों. पुढें दुसऱ्या रुमालांत पावती निघाली तेव्हां ध्यानांत आलें कीं, कुळानें पैसे वेळेवर भरले होते. बुडालें होतें तें आमचें गणित. शंभर दीडशें वर्षांपूर्वीं वारलेल्या एका मनुष्यावर आम्हीं नाहक बाकी चढविली होती.

ही गोष्ट नुसत्या गणिताची नाहीं हें दाखविण्यासाठीं शके १७३९–४० चेंच साल घेऊं. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली. कार्तिक वद्य चालू होता. नागपूर प्रांतांत गव्हाची पेरणी आश्विन-कार्तिकांत, ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, होते. म्हणजे टेकडीवर तोफा चालल्या तेव्हां काळ्या जमिनींतील गहूं, जवस व हरभरा नुकताच उगवून वर आलेला असणार. १५ मार्च १८१८ रोजीं रेसिडेंट जेंकिन्स यानें आप्पासाहेबांस कैद केलें, तो फाल्गुन शुद्ध पक्ष होता. होळीस आठवडाभर अवकाश होता आणि गहूं कापणीस आला होता. आप्पासाहेब मे महिन्याच्या मध्यास जबलपूरकडे नेले जात असतां पहाऱ्यांतून निसटले, तेव्हां वैशाख लागलेला होता व खळीं उठलीं होतीं. तिसरे रघूजी जून अखेरीस गादीवर बसले. तोंवर मृग लागून नवें साल सुरू झालें होतें. राजा पकडला गेला शके १७३९ मध्यें व निसटला शके १७४० मध्यें, परंतु शेतकऱ्याच्या व वसुलाच्या दृष्टीनें हें सर्व एकाच पिकाच्या पोटांत घडलें. तें पीक ज्यानें पेरलें त्याच्याकडून हप्ता मागण्यास आलेला मनुष्य कोणाच्या वतीनें आला होता, हा प्रश्न त्या फाल्गुनांत गांवोगांव पडला असला पाहिजे. त्या प्रश्नाचें उत्तर दरबारी पत्रांत नाहीं. मिळेल तर एखाद्या पावतीवरील शिक्क्यांत मिळेल.

त्या फाल्गुनांत शेतावर काय चाललें होतें तें सांगण्यास मात्र फारसा तर्क करावा लागत नाहीं, कारण हा क्रम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थोड्या फरकानें टिकून होता, व म्हातारीं माणसें तो अजून सांगतात. माघांत तूर निघते. मागोमाग हरभरा व जवस, आणि शेवटीं गहूं. कापणी विळ्यानें, पहाटे, दंव असतांना. ऊन चढल्यावर ओंब्या झडतात. पेंढ्या बांधून बंडींत घालून खळ्यावर आणावयाच्या. खळ्याची जागा आधींच साफ करून, पाणी शिंपून, चोपून, शेणानें सारविलेली असते. मध्यें तिवडा रोवलेला. त्याभोंवतीं बैलांची पात धरून फिरवितात. ज्याची एकच जोडी तो शेजाऱ्याची जोडी मागून आणतो व आपली त्यास देतो. अशा सावडीचा कागद कधींच होत नसे, परंतु ती नसती तर एका औताच्या घराची मळणी आखाजीपर्यंतहि उरकली नसती. बैलांच्या तोंडास मुस्कें बांधावयाचीं, तरी पहिल्या फेऱ्यांत त्यांस चार घांस खाऊं द्यावे असा रिवाज होता.

मळणीनंतर उफणणी. ही सर्वस्वी वाऱ्यावर अवलंबून. फाल्गुनाच्या उत्तरार्धांत पश्चिमेचा कोरडा वारा वाहूं लागतो. दुपारीं तो फार जोराचा, पहाटे मुळींच नसतो. म्हणून दिवस कलतां एकानें तिवईवर उभें राहून सूप ओतावयाचें व बायकांनीं खालीं कोंडा झाडीत राहावयाचें. दाणा जवळ पडतो, कुटार दूर जातें. हें कुटार म्हणजे कचरा नव्हे. गव्हाचें व हरभऱ्याचें कुटार आणि ज्वारीचा कडबा यांवरच बैल मृगापर्यंत तगावयाचा. ढेप व सरकी हा ज्याला परवडे त्याचा जोडखुराक. ज्या घरचें कुटार अवकाळी पावसानें भिजून कुजलें त्या घरचा बैल ज्येष्ठांत उठत नाहीं, आणि बैल न उठला तर पेरणी लांबते.

रास झाली म्हणजे तिची पूजा करून मग मोजणी. पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणावयाचें, पुढें दोन, तीन. मोजणी होतांना तोंडांतून दुसरा शब्द काढावयाचा नाहीं. माप पायली, कुडो, खंडी या चढत्या क्रमानें. परंतु गांवागांवची पायली निराळी असे, तेव्हां जुन्या वहींतील खंड्या परस्परांशीं ताडून पाहणारानें फार जपून असावें. मोजणी चालू असतां खळ्याच्या कडेला लोहार, सुतार, न्हावी, धोबी, कोतवाल उभे असत. वर्षभर फाळ शेवटणें, वखराची पास बसविणें, तिफण दुरुस्त करणें, याचा मोबदला तो त्या वेळीं मिळावयाचा. यांपैकीं महार कोतवालाची चाकरी गांवची सर्वांत कष्टाची आणि त्याचें माप बहुधा शेवटचें. जुन्या समाजव्यवस्थेचें कौतुक करणारांनीं खळ्यावरील हा क्रम अवश्य पाहावा. सर्वांचें देऊन झाल्यावर भुईवर सांडलेला सरवा गरीबगुरिबांच्या बायकापोरांनीं वेंचावा अशी वहिवाट होती. रात्रीं रास घरीं नेईपर्यंत घरधनी खळ्यावरच जागल करी.

या राशींतून सरकार किती घेई? भोसल्यांच्या अमदानींत वसुलाची जबाबदारी पाटलावर. पाटील गांवचा ठराव करी व मग ती रक्कम कुळांवर लावून देई. रिचर्ड जेंकिन्स यानें नागपूरच्या मुलखावर लिहिलेला अहवाल १८२७ सालीं कलकत्त्यास छापला गेला, त्यांत या सर्व व्यवस्थेचें वर्णन आहे. हा ग्रंथ परक्या अधिकाऱ्याचा व स्वतःच्या कारभाराचें समर्थन करणारा आहे हें खरें, तरी गांवच्या शेतीचें एवढें विस्तृत वर्णन त्या काळच्या आमच्या लोकांनीं लिहून ठेविलें नाहीं हेंहि तितकेंच खरें. डिसेंबर १८५३ मध्यें तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ सालीं राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, आणि त्यापुढील पाहणींत पाटलांस मालकी हक्क देऊन त्यांचे मालगुजार करण्यांत आले. वसूल गोळा करणारा मनुष्य जमिनीचा धनी झाला. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीनें राजा बदलण्यापेक्षां हा बदल मोठा होता, कारण आतां पाडव्यास त्याचें वावर त्याच्याकडे राहणार कीं नाहीं, हें गांवांतल्याच एका माणसाच्या मर्जीवर येऊन ठेपलें. कुळांस संरक्षण देणारे कायदे १८८३, १८९८ व १९२० सालीं झाले ते याच कारणानें.

मालगुजारीनें एक उपकार मात्र संशोधकांवर केला. प्रत्येक गांवाचा खसरा, जमाबंदी व वाजिब-उल-अर्ज तयार झाला. खसऱ्यांत प्रत्येक वावराचा आकार, पीक व जमिनीचा प्रकार : काळी, मोरंड, खरडी, बरडी. वाजिब-उल-अर्जांत गांवची वहिवाट : गुरें कोठें चरावयाचीं, जळण कोठून आणावयाचें, मोहाचीं झाडें कोणाचीं. शीर्षक फारशी, भाषा कचेरीची, व विषय संपूर्ण गांवचा. आमचे कांहीं मित्र राजमुद्रा नसलेला कागद हातीं धरीत नाहींत. त्यांनीं एकदां एक वाजिब-उल-अर्ज पुरता वाचून पाहावा.

खसरे ओळीनें लावले म्हणजे फाल्गुनाचें रूप कसें पालटलें तेंहि दिसतें. १८६७ सालीं नागपूरास आगगाडी आली. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत गहूं व जवस मुंबईमार्गें विलायतेस जाऊं लागला, आणि उमरेडकडील काळी जमीन फाल्गुनांत गव्हानें पिवळी व त्याआधीं माघांत जवसाच्या फुलानें निळी होऊं लागली. खळ्याच्या कडेला बलुतेदारांच्या शेजारीं आतां आडत्याचा माणूसहि उभा राहिला. मग १८९३ पासून दोन तीन हिवाळे लागोपाठ अवेळीं पावसाचे गेले व गव्हावर तांबेरा पडला. तांबेरा पडलेल्या गव्हाचें खळें ज्यांनीं पाहिलें ते सांगत कीं, मळतांना बैलांचे पाय व माणसांचे कपडे गेरूनें माखल्यासारखे होत, आणि उफणतांना दाणा कुटाराबरोबर उडून जाई. त्यामागून १८९६–९७ चा दुष्काळ व १८९९–१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ. बी गेलें, बैल गेले. ज्याच्याकडे एकच जोडी तो त्यांत पुरता बुडाला.

यांतून जे उठले त्यांनीं गहूं सोडून ज्वारी व कापूस धरला. कापूस नवा नव्हता. हिंगणघाटचा बारीक धाग्याचा बनी कापूस पूर्वींपासून नांवाजलेला होता, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवी युद्धांत त्याला सोन्याचा भाव आला होता, आणि नागपुरांत जमशेटजी टाटांची एंप्रेस मिल १८७७ सालीं सुरू झाली होती. परंतु लहान शेतकऱ्यानें आपलें बहुतेक वावर त्याच्या हवालीं केलें तें या आपत्तीनंतर. १९०८ सालीं रसेल यानें संपादिलेल्या नागपूर जिल्ह्याच्या गॅझेटियरांत या पालटाचें वर्णन आहे, पण त्यानें घरांतील फाल्गुन-चैत्र कसा पालटला तें त्यांत नाहीं. कापसाची वेंचणी कार्तिकांत लागते व माघापर्यंत आटोपते. पैसा संक्रांतीच्या सुमारास हातीं येतो. होळीला वावरांत उरते ती पऱ्हाटी. ती उपटून मोळ्या बांधून जळणास घरीं आणणें, एवढेंच काम. खळें लहान झालें. खळें लहान झालें तसें बलुतेंहि लहान झालें, कारण कापसाच्या ढिगांतून लोहाराला काय मोजून देणार? गव्हाच्या घरांत चैत्रांत दाणा असे व पैसा नसे. कापसाच्या घरांत पैसा पौषांत येऊन गेलेला असे. ज्वारी घरची होती, पेवांत होती, म्हणून निभावलें. कापसानें नागपूर प्रांत श्रीमंत झाला असें लिहिण्याचा प्रघात आहे. मोठ्या सीरीविषयीं तें खरें असेल. एका औताच्या घराविषयीं तें कोणीं सिद्ध केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

हातीं काम कमी म्हणून उन्हाळा रिकामा गेला असें मात्र नाहीं. काळ्या जमिनींत नेहमींचें औत म्हणजे वखर. नांगर हा कांस व हरळी माजली तरच, चार दोन वर्षांनीं, चैत्र-वैशाखांत घालावयाचा. जमीन तापून भेगाळलेली असतांना ढेकळें उलथून मुळ्या उन्हांत पाडावयाच्या, हा त्यांतील हेतु. एका जोडीच्यानें हें होत नाहीं. दोन किंवा अधिक जोड्या जुंपाव्या लागतात, तेव्हां पुन्हा सावड. शिवाय धुरे नीट करणें, शेणखत बंडीनें वावरांत नेऊन टाकणें, गोठा शाकारणें, विहिरींतील गाळ काढणें.

काटोलकडे हेंच दिवस संत्र्याच्या बागेचे. संत्र्याचीं रोपें दुसऱ्या रघूजींनीं औरंगाबादेहून आणविलीं असें सर्वत्र सांगतात. या झाडास दोन बहार. मृगबहाराचीं फळें माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत उतरतात. आंबियाबहारासाठीं मार्गशीर्ष-पौषांत पाणी तोडून झाडास ताण द्यावयाचा, मग पाणी सोडलें कीं माघांत फूल निघतें, आणि चैत्रांत बोराएवढीं हिरवीं फळें झाडावर असतात. ऐन उन्हांत हींच फळें पाण्यावांचून गळतात. म्हणजे ज्या महिन्यांत विहिरी तळास जातात त्याच महिन्यांत बागेस पाणी अधिक हवें. मोटेच्या काळीं बैलांस याच दिवसांत विसांवा मिळेना, तेव्हां एका औताच्या घरानें बाग करावी तर शेती मागें पडे. बाग ही बराच काळ मालगुजाराचीच गोष्ट राहिली ती या हिशेबानें; इंजिन व पुढें विजेचा पंप आला तेव्हां लहान घरांस ती साधली. दोहोंचा एक शत्रु समान : फाल्गुनांतील गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत विदर्भ-मराठवाड्यांत झालेली गारपीट वाचकांच्या स्मरणांत असेलच; गहूं, हरभरा व संत्री तीन्ही एकाच वेळीं गेलीं.

बायकांच्या कामाचा कागद नाहीं, म्हणून तें नव्हतें असें समजण्याची चूक आमच्या मंडळींत फार होते. होळीच्या आधीं गोवऱ्या. मुलांनीं शेणाच्या चाकोल्या थापून माळा करावयाच्या. होळीनंतर नव्या गव्हाच्या कुरड्या, शेवया, सांडगे, पापड : पावसाळ्यांत भाजी नसते त्या दिवसांची ही तरतूद, व ती ऊन कडक असेपर्यंतच होते. रामटेक व उमरेडच्या जंगलाकडील गांवांत याच वेळीं मोह गळतो. फूल रात्रीं सुटतें व पहाटे झाडाखालीं पडलेलें असतें. गुरें व हरणें येण्यापूर्वीं वेंचलें पाहिजे. त्यासाठीं झाडाखालचा पाला आधीं झाडून किंवा जाळून जागा मोकळी करितात. वाळविलेलें फूल गोंड व इतर गरीब घरांत दुष्काळांत अन्न म्हणून उपयोगी पडे, मद्याचें म्हणून त्यावर अबकारीचें लक्ष असे, आणि झाड वावरांत कीं गांवठाणांत कीं सरकारी जंगलांत यावरून तंटे होत. म्हणून बायकांच्या वसंतांतील कामापैकीं कागदावर आलेलें जवळजवळ एकच : वाजिब-उल-अर्जांतील मोहाचें कलम. त्यापुढें वैशाखांत तेंदूचीं पानें.

पाडव्यास पंचांग ऐकावयाचें व औतास कुंकू लावावयाचें. सालदाराची बोली कांहीं गांवीं पाडव्यास होते, कांहीं गांवीं आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस. त्या दिवशीं पितरांच्या नांवें घागर भरतात. वऱ्हाडांत भेंडवळ येथें याच सणास घट मांडून पुढील पीकपाण्याचें भाकीत सांगण्याची चाल आहे. तें खरें ठरतें कीं नाहीं याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं, परंतु त्या घटांत कोणकोणतीं धान्यें मांडतात याची यादी प्रतिवर्षीं कोणी लिहून ठेवील तर पुढील इतिहासकार त्याचे आभार मानील. सालदाराची बोली तोंडी असे : अमुक पैसा, अमुक दाणा, एक जोडा, एक घोंगडी. आगाऊ घेतलेली रक्कम सालअखेर फिटली नाहीं तर तोच मनुष्य पुढील आखाजीस त्याच घरीं राही. तिथेंच प्रथम कागद होई, आणि त्यावर अंगठा उमटे. एका औताचा धनी दोन वाईट सालांनंतर दुसऱ्याच्या औतामागें चालूं लागला तर त्याचा माग असल्या कागदावरूनच लागतो. पिढ्यान् पिढ्या अनामिक राहिलेल्या कुळाचें नांव, बापाचें नांव व गांव एकत्र मिळावें असें ठिकाण बहुधा हेंच. अशा कागदांस संग्राहक किंमत देत नाहींत व घरचे लोक लाजेनें ते जाळून टाकतात.

आतां या कागदांच्या सद्यःस्थितीविषयीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी हक्क नष्ट झाले व ३१ मार्च १९५१ पासून गांवें सरकारांत आलीं. सरकारी प्रती कचेऱ्यांत गेल्या. परंतु मालगुजारांच्या घरचे रुमाल त्या दिवशीं निरुपयोगी ठरले. ज्या माडींत ते होते तेथें नंतर धान्य, मग अडगळ, मग वाळवी. मोडी वाचणारा घरांत उरला नाहीं, तेव्हां जाडा कागद रद्दीस व बारीक चुलींत गेला. आम्ही एका घरीं होळीनंतर आठ दिवसांनीं पोहोंचलों. घरमालकीणबाईंनीं फार आदरानें पाणी दिलें, व माळा यंदाच साफ केला असें सांगून अंगणांतल्या राखेकडे बोट दाखविलें. त्यांचा यांत कांहीं दोष नाहीं. माघांत येण्याचें आम्हींच टाळलें होतें.

म्हणून कांहीं सूचना. रुमाल मिळाल्यास त्यांतील सनदा व मोठीं पत्रें निवडून बाकीचा परत करूं नये. चिठ्या, पावत्या, खळ्याचीं टिपणें, सालदारांचे रोखे ज्या क्रमानें बांधलेले असतील त्याच क्रमानें नकलून घ्यावे. क्रम मोडला कीं फाल्गुन व चैत्र वेगळे होतात, आणि मग आमच्यासारखी चूक होते. प्रत्येक कागदावर तिथि, शक व फसली अथवा शुहूर सन हीं तीन्ही जशीं असतील तशीं उतरावीं. आपल्या मनानें इसवी सन घालूं नये, घालणेंच तर निराळ्या शाईनें. माप लिहिलें असल्यास कोणत्या गांवची पायली तें घरच्या वडील माणसास विचारावें. जुनें माप घरांत असलेंच तर त्यांत धान्य भरून तें वजन करून टिपून घ्यावें. मूळ कागद घरींच राहूं द्यावा; आम्हांस नक्कल पुरते.

विशेषतः मार्गशीर्ष शके १७३९ पासून ज्येष्ठ शके १७४० पर्यंतच्या कोणत्याहि वसुली पावत्या, मग त्या कितीहि क्षुल्लक रकमेच्या असोत, ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं शिक्क्याच्या ठशासह त्रैमासिकाकडे कळवाव्या. शिक्का पुसट असल्यास तो उजळण्याचा प्रयत्न करूं नये, व रुमालाची गांठ सोडण्यापूर्वीं वर खोंवलेली चिठी प्रथम उतरून घ्यावी.